बालकांचे पारायण आणि भूतदया

श्रीज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आपल्या सांप्रदायिकांच्या नित्य वाचनातला आहे. ज्ञान कशाला म्हणावे हे सांगता सांगता माउली अहिंसेपाशी येतात, आणि तेथे अशा रमतात की ऐकणाऱ्यालाही पुढे जावेसे वाटू नये. ज्ञानी पुरुष चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा, हात उचलतो कसा, हे सारे त्यांनी एकेक करून दाखविले आहे. केसर दुखावेल या भयाने भुंगा कमळावर हलकेच पाय टेकतो, तसा हा पुरुष पृथ्वीवर पाऊल ठेवतो. का बरे? तर पायाखाली बारीक बारीक जीव आहेत, हे त्याला ठाऊक असते.

‘ठाऊक असते’ एवढ्या दोन शब्दांवरच आज आम्हांस बोलावयाचे आहे. माउलींनी अहिंसा कोठे सांगितली? ज्ञानाच्या लक्षणांत सांगितली. म्हणजे दया ही नुसती मनाच्या मऊपणाने होत नाही. तिला जाणण्याचे डोळे लागतात. ज्याला पुढचा जीव कोण आहे हे कळत नाही, तो भितो. आणि भ्यालेला मनुष्य काठी उचलतो. हे आम्ही ग्रंथातून शिकलो असे मोठेपणाने सांगता आले असते, तर बरे झाले असते. पण आम्ही ते एका निरक्षर पोरीकडून शिकलो, आणि तेही भर पारायणात, व्यासपीठावर बसून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळवे तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावी माघ महिन्यात अखंड हरिनाम सप्ताह होता, आणि पारायण चालविण्याची सेवा आमच्याकडे होती. मांडव उसाच्या फडाला लागूनच घातलेला. पाचव्या दिवशी सकाळी दीडदोनशे मंडळी मांडी घालून वाचीत बसली होती. एवढ्यात कडेच्या बाया ओरडल्या, “साप! साप!” तोडणी चाललेल्या फडातून एक लांबलचक जनावर निघून मांडवाच्या कनातीशी आले होते. चारपाच तरण्या पोरांनी काठ्या घेतल्या. आम्ही ओवी अर्धी टाकली, पण हात काही वर केला नाही. घटकेत जनावर मेले. पोरांनी ते काठीवर घेऊन बांधावर टाकले, कोणी “जय हरी” म्हटले, आणि आम्ही पुढची ओवी सुरू केली.

दुपारी पंगत उठल्यावर ऊसतोडीच्या टोळीतली एक पोर बांधावर त्या जनावरापाशी बसलेली दिसली. वय असेल आठनऊ वर्षांचे. आम्ही म्हणालो, “बाळ, हात लावू नकोस. इखारी असतंय.”

ती म्हणाली, “न्हाई बाबा. धामण हाय ही. आमच्या कोपीत उंदरामागं येती. काय करत न्हाई.”

आम्ही थक्क झालो. विचारले, “तुला कसं गं ठाऊक? पुस्तकात वाचलंस का?”

पोर हसली. “मला वाचाया कुठं येतंय?”

माउलींनो, त्या एका वाक्याने आम्ही दोनदा लाजलो. भूतदयेचा ग्रंथ हाती धरून बसलेल्या आम्हांस धामण आणि नाग यांतला भेद कळला नाही. आणि जिला तो कळत होता, तिला आम्ही सात दिवसांत एक अक्षरही दिले नव्हते. ती पोर मांडवाच्या बाहेर बसून पंगतीची वाट पाहत होती. आमचा मांडव मोठा होता, पण तिच्यापुरती जागा त्यात नव्हती.

तेव्हापासून एक विचार आमच्या मनात घर करून राहिला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. आपल्या सप्ताहात रोज एक तास बालकांचे पारायण व्हावे, आणि त्यात आपल्या रानातल्या जीवांची ओळख सांगणारी पुस्तके सर्वांनी मिळून वाचावीत.

ही कल्पना काही परकी नाही. मिळून वाचणे हे तर आपल्या संप्रदायाचे घरचे धन आहे. पारायणात काय होते ते नीट पाहा. एक जण मोठ्याने वाचतो, शेकडो जण आपापल्या पोथीवर बोट ठेवून त्याच्याबरोबर वाचतात. ज्याला येते तो पुढे, ज्याला अडते तो शेजाऱ्याच्या सुरात सूर मिळवून मागोमाग. कोणी कोणाची परीक्षा घेत नाही, चुकल्यास कोणी छडी मारीत नाही. कानाला जो शब्द ओळखीचा आहे तोच डोळ्यांपुढे येतो, आणि बोट त्या दोहोंची गाठ घालून देते. शाळेचे तोंड न पाहिलेले किती तरी म्हातारे वारकरी असे बोट फिरवीत फिरवीत वाचू लागलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना ‘ज्ञ’ कोणता हे प्रथम कळले ते ज्ञानोबांच्या नावामुळे. ओळखीच्या नावातून अक्षर शिकावे, ही शाळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. फक्त तिला कोणी शाळा म्हटले नाही.

आणि माउलींनी मराठीत ग्रंथ सांगितला तो तरी कशासाठी? १२९० साली नेवाश्यास ज्ञानेश्वरी सांगून झाली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, पुढे १५८४ साली नाथमहाराजांनी तिची प्रत शुद्ध केली. एकाने सांगावे, एकाने लिहावे, एकाने शोधावे आणि सर्वांनी मिळून वाचावे, असा हा सामायिक व्यवहार आहे. ज्ञान कुलुपात राहू नये एवढाच त्यातला भाव. मग आज गावातली आणि गावाबाहेरच्या कोपीतली लेकरे अक्षरावाचून राहिली, तर त्या कुलुपाला आपणही हातभार लावला असे होणार नाही काय?

सातारा आणि सांगली ही तर विद्येची वारी चाललेली भूमी आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलींच्या हाती पाटी देण्यासाठी त्या माउलीने काय काय सोसले, ते सर्वश्रुत आहे. कऱ्हाडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची गोरगरीब मुले एका पंगतीला बसविली, एका वसतिगृहात ठेविली. आपल्या काल्याचाच तो दुसरा अर्थ म्हणा ना! पुढे १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तीही प्रथम सातारा जिल्ह्यातच. दिवसभर शेतात राबलेली मोठी माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीपुस्तक घेऊन बसत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, आणि साऱ्या गावाला तो आपला सण वाटे. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, साक्षर व्हायचे ते एकट्यादुकट्याने नव्हे, गावाने मिळून; जशी वारी एकट्याची नव्हे, दिंडीची.

हीच परंपरा आजही निराळ्या रूपाने चालू आहे. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत. कोणीही जावे, बसावे, वाचावे. पुढे या योजनेचा विस्तार झाला तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपाची निवड झाली. श्रीदत्तांचे औदुंबर ते हेच. एका सार्वजनिक वाचनाचाही उल्लेख करणे अवश्य आहे. जागतिक साक्षरता दिन ८ सप्टेंबरला असतो. त्या सुमारास देशभर एकच गोष्ट गावोगावच्या मुलांना वाचून दाखवावी, असा उपक्रम ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१२ साली सुरू केला. गोष्ट एक, भाषा अनेक, आणि वाचून दाखविणारे कोण, तर ज्याला वाटेल तो: शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी. हे वाचून आम्ही मनाशी म्हणालो, हे तर आपलेच पारायण झाले. यात टाळ तेवढे नाहीत!

आता कोणी विचारील, की वाचायचे तर संतचरित्रे वाचावीत, हरिपाठ वाचावा. येथे रानातली जनावरे कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या दोन जिल्ह्यांचा डोंगरच देईल. पश्चिमेला कोयनेचे अभयारण्य आणि वारणेच्या उगमाकडचे चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. ही दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीच्या रानासाठी तिथली कित्येक गावे आपली घरे, देव आणि शेते सोडून उठून गेली. त्या लोकांचा त्याग विसरून जंगलाचे गोडवे गाणे हे कृतघ्नपणाचे होईल. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून या रानात सोडली. साताऱ्याजवळच्या कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले. खटाव तालुक्यात मायणीचे तळे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वराचे अभयारण्य आहे. तो डोंगर उघडाबोडका पडला होता, धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली, लावून घेतली, आणि आज तेथे हरणे, सांबरे चरतात. मनुष्याने जंगल तोडल्याच्या कथा उदंड आहेत. मनुष्याने जंगल उभे केल्याची ही कथा आपल्या दारातली आहे, आणि ती आपल्या पोरांनी वाचलेली नाही.

बरे, ही जनावरे काही डोंगरातच राहिली नाहीत. कऱ्हाड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत बिबट्या उसातच राहू लागला आहे. उंच दाट ऊस त्याला रानासारखाच. मादी तेथेच विते आणि तोडणीच्या वेळी पिले सापडतात. २०२१ च्या अखेरीस गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. म्हणजे हे शेजारी आता दाराशी आले. शेजाऱ्याचे नाव, स्वभाव आणि येण्याजाण्याची वेळ ठाऊक नसेल तर शेजार कसा चालेल?

येथे एका वृद्ध सांप्रदायिकांचा आक्षेप सांगितला पाहिजे. ते आम्हांस म्हणाले, “म्हाराज, बिबट्यानं माझी दोन करडं नेली. त्याच्यावर कसली दया करू?” हा प्रश्न खोटा नव्हे. गरिबाची शेळी म्हणजे त्याची पेढी होय. पण दया म्हणजे करडू उघड्यावर बांधून ठेवणे, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. गोठा चारी बाजूंनी बंद असावा. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. उसाच्या कडेला कोणी वाकून, खाली बसून काम करीत असेल तर जवळ माणूस असावा आणि बोलणे चालू असावे. बिबट्या दिसलाच तर त्याच्यामागे घोळका करून धावू नये, त्याला वाट द्यावी. जनावर मारले गेल्यास पंचनामा करून सरकारी भरपाई मागावी. आणि वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक पोरापोरांना तोंडपाठ असावा. ही सारी माहिती शेळीही वाचविते आणि बिबट्याही. न जाणणारा मात्र दोन्ही घालवितो.

आणि पिले सापडल्यावर काय करावे? ती घरी आणू नयेत, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढीत बसू नये. फड सोडून दूर व्हावे आणि वनखात्याला कळवावे. ते लोक पिले तपासून त्याच फडात खोक्यात ठेवतात; रात्री आई येते आणि एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. मांजरी आपले पिलू दातांत धरते, पण दात लागू देत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. आई ती आई. मग ती घरातली असो की उसातली.

सापांविषयी तर आपल्या भागाने विशेषच शिकले पाहिजे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जगप्रसिद्ध आहे. पूर्वी तेथे जिवंत नाग धरून त्यांची मिरवणूक व खेळ होत. वन्यजीवांचा कायदा १९७२ साली झाला आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने ते थांबले. काहींच्या मनाला त्याची खंत आहे, ती आम्ही समजू शकतो. पण नागाला देव मानणाऱ्या गावाची जी नजर, म्हणजे त्याला पाहताच काठी न उचलणे, ती काही कोणी बंद केलेली नाही. ती नजरच खरी पूजा. साप दूध पीत नाही, त्याला दुधाची वाटी नको. त्याला वाट हवी. आपल्याकडे ज्यांच्या दंशाने फार माणसे दगावतात ते साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, हलवू नये, आणि मंत्रतंत्रात एक क्षणही न घालविता १०८ ची गाडी बोलावून सरकारी दवाखान्यात न्यावे. विषावरचे औषध तेथे असते. आम्ही माळकरी आहोत, देवावर आमची निष्ठा आहे. म्हणूनच सांगतो की, देवाने दिलेले औषध सोडून अंगारा लावीत बसणे ही भक्ती नव्हे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. सप्ताहात हे वाचणे शोभते काय? आपल्या संतांच्या चरित्रांकडे पाहा. कुत्र्याने भाकरी नेली तेव्हा नामदेवराय काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन मागे धावले. काशीची कावड रामेश्वराला चढविण्याआधी नाथांनी ती तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. पैठणास माउलींनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला. तुकोबारायांनी डोंगरात एकांत धरला तेव्हा झाडे आणि वनचरे यांनाच नातलग मानले. पसायदान मागताना माउलींनी सर्व जीवांचे एकमेकांशी मैत्र मागितले. आणि आपल्या वारीकडे पाहा. पालखीला लष्करी शिस्तीचे आजचे रूप ज्यांनी दिले ते हैबतबाबा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. पालखी नीरा ओलांडून लोणंदहून तरडगावास जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. त्या वेळी धावतो कोण? अश्व. त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. रथ ओढतात ते बैल. जनावराला वगळून आपली वारीदेखील पुरी होत नाही. मग वाचन कसे पुरे होईल?

साहित्यातही याला आधार आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेल्या मास्तराची कथा सांगितली, आणि त्याच लेखणीने ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जीवन रंगविले. शाळा आणि रान, दोन्ही एकाच मनुष्याच्या जिव्हाळ्याचे विषय होते. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालविले आणि पक्ष्यांची, झाडांची शेकडो मराठी नावे रानातल्या माणसांकडून टिपून घेऊन ग्रंथांत आणली. २०२५ च्या जूनमध्ये ते निवर्तले. रानातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना विचारून त्यांनी ज्ञान मिळविले, हे आम्हांस विशेष वाटते. त्या ऊसतोडीच्या पोरीला विचारणारा असा कोणी तेव्हा आमच्या मांडवात असता तर!

असो. नुसते सांगून भागत नाही, करून पाहावे लागते. पुढच्या माघात त्याच गावी आम्ही गावकऱ्यांपुढे शब्द टाकला. दुपारचे गाथाभजन झाल्यावर आणि सायंकाळच्या प्रवचनाआधी एक तास मुलांना द्यायचा ठरला. तेथल्या शिक्षकांनी सापांविषयीच्या मोठ्या अक्षरांच्या पुस्तिकेच्या वीसेक प्रती मिळविल्या. विणेकरी स्वतः कोपीवर गेले आणि मुकादमाला विनवून टोळीची सहासात पोरे घेऊन आले. गावची मुले चाळीसच्या आसपास जमली. दोघांत एक पुस्तक. आणि जोडी अशी की, एक वाचणारा, एक न वाचणारा. आम्ही एक ओळ मोठ्याने वाचावी, सर्वांनी बोट ठेवून मागून म्हणावी. पारायणाचीच रीत.

पहिल्या दिवशी गंमत झाली. कोपीवरच्या एका मुलाने चित्र पाहून मोठ्याने सांगितले, “धामण!” त्याच्या जोडीदाराने लगेच त्या चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवले. धा, म, ण. जनावर त्याच्या ओळखीचे होते, आता नाव कागदावर दिसले. मग त्याला ‘मण्यार’मध्ये तोच ‘म’ सापडला, ‘फणा’त तोच ‘ण’ सापडला. गावच्या मुलांना वाचता येत होते, पण मण्यार रात्री फिरते हे ठाऊक नव्हते. कोपीवरच्या पोरांना ते ठाऊक होते, पण वाचता येत नव्हते. सात दिवस ही देवघेव चालली. कोण गुरू, कोण शिष्य, हे आम्हांस अखेरपर्यंत सांगता आले नाही.

काल्याच्या दिवशी मुलांनी ती पुस्तिका गावापुढे मिळून वाचली. वाचून झाल्यावर एका लहानग्याने मांडवात उभ्या असलेल्या आपल्या बापाला सर्वांदेखत विचारले, “बाबा, तुम्ही मागल्या साली मारला तो यातला कंचा?” बाप काही बोलला नाही. त्याने मान खाली घातली. व्यासपीठावर आम्हीही मान खाली घातली.

सात दिवसांत कोणी पंडित झाले असे आम्ही म्हणत नाही. कोपीवरच्या पोरांना शाळेत बसविण्याचे काम शाळेचे, सरकारचे, कारखान्याचे आणि मुकादमाचे आहेच; ते सप्ताहावर ढकलता येणार नाही. दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता २०११ च्या जनगणनेत शेकडा ऐंशीच्या वर गेलेली होती. पण उरलेले कोण, हे विचाराल तर त्यांतले कित्येक तुमच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत सापडतील. दिवाळीच्या सुमारास ती लेकरे आईबापांमागे बैलगाडीवर बसून येतात आणि उन्हाळा लागता लागता परत जातात. शाळेचे वर्ष मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही. आपल्या भागातले बहुतेक सप्ताहही याच दिवसांत होतात. हा योग देवानेच जुळवून आणला आहे असे समजा.

म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांना आमची हात जोडून विनंती आहे. सप्ताहाच्या पत्रिकेत काकडा, पारायण, गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन यांच्याबरोबर ‘बालपारायण’ ही एक ओळ छापावी. पंगतीच्या खर्चातून थोडी रक्कम काढून पुस्तके घ्यावीत. ज्याच्या हातून अन्नदान होते त्याच्या हातून अक्षरदानही व्हावे. एका वर्षी सापांचे पुस्तक, दुसऱ्या वर्षी पक्ष्यांचे, तिसऱ्या वर्षी वाघ-बिबट्यांचे, असा क्रम धरावा. एकाच पंचक्रोशीतल्या गावांनी एकच पुस्तक घेतले तर फार बरे, म्हणजे मुले एकमेकांना भेटली की त्यांना बोलायला विषय होईल. वाचून झाल्यावर प्रत्येक मुलाने आपण पाहिलेला एक जीव सांगावा. परीक्षा घेऊ नये, बक्षिसाची चढाओढ लावू नये. सप्ताह संपल्यावर पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. काही प्रती कोपीवर जाऊ द्याव्यात. फाटतील, मळतील, फार तर हरवतील. वापरून फाटलेली पोथी ही न वापरलेल्या पोथीहून पवित्र, हे वारकऱ्याला सांगावयास नको. ज्यांच्या गावी सप्ताह उन्हाळ्यात किंवा श्रावणात असतो त्यांनी ऑक्टोबर महिना धरावा. पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो आणि १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन.

ती पहिली पोर आम्हांस पुन्हा भेटली नाही. पुढच्या वर्षी तिची टोळी दुसऱ्या कोणत्या कारखान्याला गेली, कोणाला सांगता आले नाही. तिचे नावही आम्ही विचारले नव्हते. आज ती कोठे असेल, तिला वाचता येत असेल की कोयता हाती आला असेल, हे त्या पांडुरंगालाच ठाऊक. कधी पारायण चालविताना तेरावा अध्याय येतो आणि भुंग्याच्या पावलांपाशी आमचा आवाज अडखळतो. त्या ऋणातून थोडेफार उतराई होता आले तर ते आपणा सर्वांच्याच हातून होईल. वाचकहो, यंदाच्या सप्ताहात मांडव घालताना कडेला, बालकांसाठी आणि कोपीवरच्या लेकरांसाठी, दोन सतरंज्या अधिक अंथरा. एवढेच मागणे आहे.

॥ राम कृष्ण हरि ॥